स्टूल हलकं हवं, पण डगमगायला नको

प्रश्न: सर, मी पुण्यात प्रॉडक्ट डिझाईन शिकतोय. प्रोजेक्टसाठी दोन किलोच्या आतलं लाकडी स्टूल करायचंय. पाय बारीक केले तर मोडतील का? आणि तीन ठेवू की चार?

उत्तर: अरे, नुसत्या उभ्या वजनाने पाय सहसा मोडत नाही, माणूस स्टूल तिरकं करून रेलतो ना तेव्हा सगळा ताण सांध्यावर येतो आणि ते तिथेच जातं, म्हणून पाय वर जाड, खाली निमुळते ठेव आणि मध्ये आडव्या पट्ट्या दे. इटालियन डिझायनर जिओ पोंतीची १९५७ची सुपरलेजेरा खुर्ची बघ, पाठीसकट जेमतेम १.७ किलो! सीटला १८ एमएम प्लाय कशाला, १२ एमएमचा ३० सेंटिमीटर गोल तुकडा साधारण अर्धा किलो भरतो. तीन पायांचं स्टूल खडबडीत शहाबादी फरशीवर पण डुलत नाही, पण कडेला बसलं की कलंडतं, त्यामुळे पाय जरा बाहेर फाकव. मला विचारशील तर तीनच. लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून घे, सरळ रेषांचं, बिनगाठीचं. आणि खिळे प्लीज नको, पायाचं टोक भोकात घट्ट बसव, फेव्हिकॉल लाव आणि रात्रभर क्लॅम्पमध्ये ठेव.