मुद्रेचं झाड: मराठी की कन्नड?

निपाणीकडच्या एका वाचकाने विचारलंय: 'बांधावरच्या पिवळ्या फुलांच्या झुडपाला आमची आजी मुद्रेचं झाड म्हणते. खरं शाळेतले सर म्हणतात, मुद्रे हा कन्नड शब्द, मराठीत पेटारी म्हणायचं. बरोबर कोण?'

आजी बरोबर. सरांची गफलत कुठे झाली तेही सांगतो.

आधी झाड ओळखून घेऊ. पान बदामाच्या आकाराचं, हात फिरवला तर मखमल. फूल दुपार कलल्यावर उमलतं. फळ बघा: पंधरा-वीस कप्पे चाकाच्या आऱ्यांसारखे गोल मांडलेले. हिरवं फळ शाईत बुडवून पाटीवर दाबलं की सुबक शिक्का उठतो. आम्ही पोरं चिखलातही उठवायचो. तीच ही मुद्रा, राजमुद्रेतली. (चिकण्याचं फूलही पिवळंच, पण त्याच्या फळाचा असा शिक्का उठत नाही.)

आता व्याकरण. मुद्रा शब्द संस्कृत, तो दोन्ही भाषांनी घेतला. कन्नडात अशा शब्दांच्या शेवटचा आ बहुधा ए होतो: भाषा-भाषे, पूजा-पूजे, सभा-सभे. म्हणून तिकडे मुद्रे, आणि झाड म्हणजे गिड, म्हणून मुद्रे गिड. श्रीमुद्रे असंही म्हणतात. मराठीत मूळ रूप मुद्राच राहतं, पण प्रत्यय लागला की आपणही ए करतो: शाळा-शाळेचं, मुद्रा-मुद्रेचं. सरांनी आजीच्या तोंडचं 'मुद्रेचं' ऐकलं आणि त्यातलं मुद्रे उचलून कन्नडच्या खात्यावर टाकलं. त्या न्यायाने शाळेचं म्हणणारी पोरंही कन्नडच बोलतात म्हणायची! बेळगाव-चिकोडीकडे एकाच कट्ट्यावर दोन्ही भाषा चालतात, तिथे असं व्हायचंच.

पेटारीही चूक नाही. पेटी, पेटारा यांच्याच घरातला शब्द, कप्प्यांच्या फळाला शोभणारा. आयुर्वेदात हीच अतिबला. संस्कृतात कंकतिका, म्हणजे फणी, आणि हिंदीवाल्यांनाही त्यात कंघीच दिसली. एकाला शिक्का दिसला, एकाला पेटी, एकाला फणी, फळ तेच.

लिहिताना 'मुद्रा' लिहा, कंसात 'पेटारी' टाका. मात्र 'मुद्रे नावाचं झाड' लिहू नका. ते मराठीत खरोखरच चुकतं.