बोटीवर ग्रिल करताना तेलाचा राडा कसा टाळायचा?

ग्रिल डेकवर ठेवूच नका, मागच्या रेलिंगला क्लॅम्पने पाण्याच्या बाजूला लावा आणि नांगर टाकल्यावरच पेटवा. नांगरावर असताना बोटीचं तोंड बहुतेक वेळा वाऱ्याकडे वळतं त्यामुळे धूर, शिंतोडे सगळं मागे पाण्याकडे जातं. ड्रिप ट्रेला, म्हणजे ग्रिलखालच्या तेल झेलणाऱ्या ट्रेला, आधीच फॉइल लावा, सॉसेजसारखं चरबीवालं टाळून मासे किंवा चिकन ब्रेस्ट घ्या, मॅरिनेट घरूनच करून आणा आणि ग्रिलवर टाकताना नीट निथळून टाका, अर्धा राडा तर त्या गळणाऱ्या मसाल्याचाच असतो. उरलेलं तेल गार झालं की फॉइलसकट कचऱ्यात, पाण्यात अजिबात ओतू नका. फक्त गॅसचं ग्रिल असेल तर सिलिंडर केबिनमध्ये ठेवू नका, त्यातला प्रोपेन वायू हवेपेक्षा जड असतो, गळला तर बोटीच्या तळाशी साचून राहतो.