दहा केसपेपर दुसऱ्याला दाखव

फोंड्यात दवाखाना थाटलास, छान झालं. आता एक कर. दर तीन महिन्यांनी तुझे दहा केसपेपर एखाद्या बरोबरीच्या डॉक्टरला वाचायला दे, रुग्णांची नावं झाकून. कुठले घ्यायचे ते त्यालाच ठरवू दे. आपण निवडले की हटकून चांगलेच निघतात.

माझंच सांगतो. पावसाळ्यातल्या तापाचे माझे पेपर म्हापशाच्या मित्रानं चाळले आणि विचारलं, "हा शेतात राबणारा की ऑफिसात बसणारा?" कुठंच लिहिलेलं नव्हतं. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतानं दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाचा, संशय घ्यायचा तर हा प्रश्न आधी! वीस वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर ही गत. दोन दिवस तोंड कडू होतं, मग पेपरावर 'कामधंदा' हा रकानाच छापून घेतला.

आपल्याकडे डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांत पाच वर्षांत 30 तास शिक्षण सांगितलंय. सभागृहात बसून तास भरतात, पण तुझी सवय तिथं कोण बघतो? ब्रिटनमध्ये 2012 पासून डॉक्टरांच्या परवान्याच्या फेरपडताळणीत सहकाऱ्यांचं मतही घेतात.

मित्र मात्र फटकळ शोध. "सगळं बरं आहे रे" म्हणणारा काय कामाचा? आणि त्याचेही दहा पेपर तू वाच.