घरगुती वापरासाठी कॉर्डलेस ड्रिल कोणत्या ब्रँडचे घ्यावे?

पडदे, शेल्फ आणि फर्निचरची किरकोळ कामे यांसाठी ब्रँड निवडताना आधी बॅटरीकडे पाहावे, कारण एका कंपनीची बॅटरी सहसा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसत नाही आणि पहिल्या खरेदीबरोबरच पुढच्या यंत्रांची निवड जवळपास ठरून जाते. बॉशच्या निळ्या (व्यावसायिक) आणि हिरव्या (घरगुती) मालिकांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्यासुद्धा परस्परांच्या यंत्रांत चालत नाहीत. डिवॉल्टच्या खोक्यावरील २० व्होल्ट पाहून ते मकिताच्या १८ व्होल्टपेक्षा ताकदवान समजू नये, दोन्हींत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि २० हा आकडा पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा असतो. लाकूड व स्क्रूसाठी १२ व्होल्टचे हलके यंत्र पुरते. काँक्रीटच्या तुळईत मात्र साधे ड्रिल नुसते घासत राहते, बिटाचे टोक तापून काळे पडते आणि भोक नखभरही पुढे सरकत नाही. तेथे एसडीएस-प्लस पकडीचे (खाचा असलेले बिट अडकवण्याची पद्धत) रोटरी हॅमर, म्हणजे बिट फिरवतानाच त्यावर ठोके देणारे यंत्रच हवे, आणि ते वर्षातून दोनदा लागणार असेल तर भाड्याने आणलेले बरे. माझ्या मते, आपल्या गावात ज्याचे सर्व्हिस सेंटर आहे आणि ज्याची सुटी बॅटरी सहज मिळते, तोच ब्रँड घ्यावा, तोही दोन बॅटऱ्यांच्या संचासह.