वाचकांचे प्रश्न : सरकारी योजना असताना खासगी पॉलिसी ठेवावी का?

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे आणि शिधापत्रिका पांढरी आहे. आता सर्वांनाच पाच लाखांचे सरकारी संरक्षण असताना खासगी पॉलिसीचा हप्ता कशाला भरायचा, असे मुलगा म्हणतो. येत्या फेब्रुवारीत पॉलिसीला पाच वर्षे पूर्ण होतील. मला मधुमेह आहे, आई ७२ वर्षांची आहे. किमान अमुक इतका विमा हवाच, असा काही नियम आहे का?
– एक बागायतदार

उत्तर : प्रत्येकाने ठरावीक रकमेचा आरोग्यविमा घेतलाच पाहिजे, असे बंधन आपल्याकडे नाही. राज्याने मात्र स्वतःच्या बाजूने किमान संरक्षण ठरवले आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा पूर्वी दीड लाख रुपये होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती वर्षाला प्रतिकुटुंब पाच लाख झाली आणि पांढऱ्या शिधापत्रिकेलाही योजना खुली झाली. इथवर चिरंजीवांचे म्हणणे बरोबर आहे. परंतु ही योजना अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांनाच लागू होते. रात्री रुग्णाला गाडीत घालून कणकवली किंवा कोल्हापूर गाठायचे झाले, तर वाटेत ही चौकशी करण्याइतके भान कोणालाही नसते. म्हणून जवळची अंगीकृत रुग्णालये कोणती, हे आजच विचारून ठेवावे.

पॉलिसी बंद करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण आपल्या पाच वर्षांत आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ, म्हणजे त्या आजाराचा खर्च न मिळण्याचा सुरुवातीचा काळ, जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. आपल्या मधुमेहाचा तो काळ उलटून गेला आहे. शिवाय सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, माहिती दडवली असे कारण दाखवून कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. इतकी वर्षे हप्ते भरून मिळवलेला हा हक्क पदरात पडण्याच्या वेळीच पॉलिसी सोडली आणि दोन वर्षांनी नवी घेतली, तर मधुमेहाची प्रतीक्षा पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होऊ शकते.

हप्त्याची अडचण आम्ही समजू शकतो, कारण फेब्रुवारीत मोहोरावरच्या फवारणीला पैसा लागतो आणि पेटीचा पैसा एप्रिल-मेपर्यंत हाती येत नाही. वार्षिक हप्ता भरायला मुदत उलटल्यावरही ३० दिवसांची सवलत असते. त्यात भरणा केल्यास सलगता टिकते, मात्र मधल्या दिवसांत संरक्षण नसते. त्यापेक्षा मासिक किंवा तिमाही हप्ते बांधून मिळतील का, हे कंपनीला विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्यविम्यावरील जीएसटी शून्य झाला आहे, तेव्हा नूतनीकरणाच्या कागदावर तो लावलेला नाही ना, हेही पाहावे.

आईंसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे ज्येष्ठांच्या मोफत उपचारांचे केंद्र सरकारचे कार्ड, लगेच काढून घ्यावे. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता ते आधारवर मिळते, आणि खासगी पॉलिसी असली तरी त्याला आडकाठी येत नाही.