वाचकांचे प्रश्न : लाइनअप कार्ड खरे की बनावट?

प्रश्न : मी न्यू जर्सीतील एडिसन येथे राहतो. जुन्या वस्तूंच्या विक्रीत मला न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचे एक लाइनअप कार्ड, म्हणजे सामन्यातील खेळाडूंचा फलंदाजी क्रम लिहिलेले कार्ड, मिळाले. त्यात पहिल्या नऊ खेळाडूंमध्ये यांकीजचा गाजलेला खेळाडू लू गेहरिग याचे नाव असून ते १९३९ मधील असल्याचे विक्रेत्याने सांगितले. याची खातरजमा कशी करावी?

उत्तर : आधी आपल्याकडील प्रत कोणती, ते ठरवावे. सामन्यापूर्वी दोन्ही संघांचे मॅनेजर (बेसबॉलमधील मुख्य प्रशिक्षक) आपापला फलंदाजीचा क्रम होम प्लेटजवळ (फलंदाज उभा राहतो त्या जागी) मुख्य पंचांच्या हाती देतात, पंच मूळ कार्ड व प्रती ताडून एक प्रत प्रतिस्पर्धी मॅनेजरला देतात आणि त्या क्षणापासून तो क्रम अधिकृत होतो. याखेरीज संघाच्या डगआउटमध्ये (मैदानालगतच्या खेळाडूंच्या बैठकीत) वेगळे कार्ड लावलेले असते. बदली खेळाडू आला की जुन्या नावावर रेघ मारून शेजारी नवे नाव लिहिले जाते. या खाडाखोडीमुळेच कार्ड मोलाचे ठरते. कोऱ्या करकरीत कार्डापेक्षा चार-पाच नावे खोडलेल्या कार्डावरून मॅनेजरचा विचार अधिक कळतो, असे माझे ठाम मत आहे.

आता १९३९ विषयी. त्या वर्षी २ मे रोजी डेट्रॉइट येथे गेहरिगने स्वतःच मॅनेजर जो मॅकार्थी यांना आपले नाव वगळण्यास सांगितले, कर्णधार या नात्याने ते कार्ड स्वतः पंचांकडे नेऊन दिले आणि त्याची सलग २,१३० सामन्यांची मालिका तेथे थांबली. फर्स्ट बेस या त्याच्या क्षेत्ररक्षणाच्या जागी बेब डालग्रेन उभा राहिला. त्या हंगामात गेहरिग अवघे आठ अधिकृत सामने खेळला होता. म्हणजे आपले कार्ड अधिकृत सामन्याचे असेल, तर ते या आठांपैकीच एकाचे असले पाहिजे. रेट्रोशीट या संस्थेच्या संकेतस्थळावर जुन्या सामन्यांचे तपशील विनामूल्य पाहता येतात. तेथे नऊही नावे त्याच क्रमाने जुळतात का, ते पाहावे. गेहरिगच्या जर्सीवरचा ४ हा क्रमांक १९२९ च्या फलंदाजी क्रमावरून आला, म्हणून प्रत्येक कार्डावर तो चौथाच असेल असे मात्र समजू नये.

तरीही नावे जुळली म्हणजे कार्ड खरे ठरले, असे नाही. नोंदी जशा आपल्याला खुल्या आहेत, तशाच बनावट कार्ड लिहिणाऱ्यालाही. म्हणून शाई आणि कागद तपासावेत. अमेरिकेत बॉलपेन बाजारात आले ते ऑक्टोबर १९४५ मध्ये. अतिनील दिव्याखाली कागद निळसर चमकू लागला, तर तो बहुधा १९५० नंतरचा असतो. पिचरऐवजी (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूऐवजी) केवळ फलंदाजी करणाऱ्या खेळाडूसाठी कार्डावर जागा असेल, तर ते १९७३ पूर्वीचे असूच शकत नाही, कारण यांकीज ज्या अमेरिकन लीगमध्ये खेळतात, तिने हा नियम त्या वर्षी आणला.

संग्रह वाढवायचा असल्यास अलीकडच्या साध्या सामन्यांच्या कार्डांपासून सुरुवात करावी. मेजर लीग बेसबॉल या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेने २००१ पासून प्रमाणित वस्तूंवर क्रमांक असलेले होलोग्राम लावण्यास आरंभ केला असून तो क्रमांक पडताळता येतो.

कार्ड लॅमिनेट करू नये. आम्लमुक्त पाकिटात, उन्हापासून दूर ठेवावे. मागील बाजूस पेन्सिलीने काही खरडलेले असेल, तर ते पुसू नये. कार्ड कोणाकडून कोणाकडे गेले, याचा एकमेव माग कदाचित तोच असेल.