नॅनोट्यूब विरघळवतात की विखुरतात?

प्लास्टिकचे दाणे तयार करणाऱ्या एका कारखान्यातील वाचकाने विचारले आहे की, त्यांच्या प्रशिक्षण-पुस्तिकेत ‘कार्बन नॅनोट्यूब वितळलेल्या प्लास्टिकमध्ये विरघळवाव्यात’ असे वाक्य आहे, ते तसेच ठेवावे, की ‘मिसळाव्यात’, ‘विखुराव्यात’ किंवा ‘एकजीव कराव्यात’ असे लिहावे? (नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या. प्लास्टिकमधून वीज वाहावी म्हणून त्या घालतात.) नॅनोट्यूब हा शब्द कोणत्या लिंगात चालवावा, असाही त्यांचा प्रश्न आहे.

‘विरघळवणे’ साफ चूक आहे, आणि व्याख्यानांतून, तांत्रिक लेखांच्या अनुवादांतून हीच चूक पुन्हा पुन्हा कानावर येत असल्यामुळे ती आता थांबावी, असे मला मनापासून वाटते. विरघळलेला पदार्थ रेणू-रेणूने सुटा होतो. नॅनोट्यूब मात्र शेवटपर्यंत घनरूप नलिकाच राहते. सुमिओ इजिमा यांनी १९९१ मध्ये ज्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्या बहुभित्ती (एकात एक अनेक भिंती असलेल्या) नलिकांची जाडी काही नॅनोमीटर ते काही दहा नॅनोमीटर आणि लांबी बहुधा काही मायक्रोमीटर असते. एवढ्या लांब आणि बारीक नलिका व्हॅन डर वाल्स आकर्षणाने (रेणूंमधील क्षीण ओढीने) एकमेकींना धरून बसतात आणि त्यांच्या गुंतवळासारख्या गुठळ्या होतात. दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रुडरमध्ये, म्हणजे प्लास्टिक वितळवून मळणाऱ्या यंत्रात, जे घडते ते या गुठळ्यांचे फुटणे होय.

‘मिसळणे’ चूक नाही, पण त्यातून काहीच कळत नाही. उरलेले दोन शब्द मात्र दिशाभूल करतात. विखुरलेल्या गोष्टी एकमेकींपासून दुरावतात, तर वीज वाहण्यासाठी नलिका सुट्या होऊनही एकमेकींना स्पर्श करून, निदान काही नॅनोमीटरच्या आत राहून, अखंड जाळे करणे आवश्यक असते. प्रत्येक नलिकेभोवती प्लास्टिकचा जाड लेप बसावा इतके मिश्रण ‘एकजीव’ झाले, तर जाळे तुटते आणि वाहकता घटते. शिवाय स्क्रूचा जोर अति झाला तर नलिकांचे तुकडे पडतात, ते वेगळेच. खर्चाचा हिशेबही इथेच बसतो. सर्वसाधारण कार्बन ब्लॅक (काजळीसारखी कार्बनची भुकटी) वजनाने १५ ते २० टक्के घातल्यावर जी वाहकता येते, तशी पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकमध्ये गुठळ्या नीट फोडलेल्या नॅनोट्यूबच्या अवघ्या काही टक्क्यांत येऊ शकते. नॅनोट्यूब किलोमागे महाग असल्यामुळे न फुटलेली प्रत्येक गुठळी म्हणजे वाया गेलेला पैसा ठरतो.

गुठळ्या फोडून पसरवण्याच्या या क्रियेसाठी मराठीत शब्द आहे, तो म्हणजे ‘अपस्करण’. शाळेच्या पुस्तकात तो लोलकातून जाणाऱ्या प्रकाशाचे रंग वेगळे होण्यासाठी येतो, म्हणून तो प्रकाशाचाच शब्द आहे असा समज झाला आहे. काही परिभाषातज्ज्ञ त्याला ओढूनताणून घडवलेला, निर्जीव शब्द म्हणतात. त्यांनी पाणिनीच्या अष्टाध्यायी या संस्कृत व्याकरणातील ६.१.१४२ हे सूत्र एकदा उघडून पाहावे: ‘अपाच्चतुष्पाच्छकुनिष्वालेखने’. कॄ म्हणजे फेकणे, पसरणे. चतुष्पाद प्राणी किंवा पक्षी जमीन खरवडत असेल, तर ‘अप’ या उपसर्गानंतर या धातूआधी स् येतो. वृत्तिकारांची, म्हणजे या सूत्रांचे विवरण करणाऱ्यांची, उदाहरणे तर पाहण्यासारखी आहेत: हर्षलेला बैल ‘अपस्किरते’, भक्ष्य शोधणारा कोंबडा ‘अपस्किरते’, बसायला जागा करणारा कुत्रा ‘अपस्किरते’. फुले उधळायची असतील, तर मात्र नुसते ‘अपकिरति’. म्हणजे अलगद उधळण्याला स् मिळत नाही. नखाने, खुराने उकरून पसरण्याला तो मिळतो.

आता याच धातूचा मराठीतला पसारा पाहावा. ‘उत्’ लागून ‘उत्किरति’ झाले, त्यातून आपले ‘उकरणे’ आले. ‘उत्कर’ म्हणजे केरकचऱ्याचा ढीग, त्यातून ‘उकिरडा’ आला. कोंबडा उकिरडा उकरतो, या तीन शब्दांच्या वाक्यातील शेवटचे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत, आणि पाणिनीय परंपरेने उदाहरणाला घेतलेला कोंबडाही त्याच धातूचे काम करतो आहे! ‘विखुरणे’, ‘विकिरण’, ‘संकर’ आणि ‘किरण’ हीसुद्धा याच घरातली माणसे आहेत. असा शब्द निर्जीव म्हणणाऱ्यांशी माझे मुळीच पटत नाही. उलट मला वाटते की लोलकापेक्षा एक्स्ट्रुडरमध्येच त्याचा खरा अर्थ उतरतो, कारण लोलकात काहीच खरवडले जात नाही, तर स्क्रूच्या पात्यांमध्ये घट्ट गुठळी कणाकणाने उकरली जाते. ‘विकिरण’ वापरावे असा जो पर्याय सुचवला जातो, तो प्रकाशाच्या विखुरण्यासाठी शालेय पुस्तकांत आधीच रुळलेला असल्यामुळे आणि त्यात खरवडण्याचा स् नसल्यामुळे मला मान्य नाही.

पुस्तिकेत मथळ्याला ‘नॅनोट्यूबचे अपस्करण’ असे लिहावे आणि यंत्रावरील कामगारासाठी खाली ‘नॅनोट्यूबच्या गुठळ्या फोडून त्या प्लास्टिकमध्ये सर्वत्र पसरवाव्यात’ असे सरळ वाक्य द्यावे. लिंगाचे म्हणाल तर नलिका स्त्रीलिंगी, ट्यूबही मराठीत स्त्रीलिंगीच चालते. तेव्हा ‘ती नॅनोट्यूब, त्या नॅनोट्यूब’ असेच लिहावे.